मॅथेसन : चिकणमातीवर आखलेले चौकोन

टोरँटोकडून उत्तरेला जाणारा हायवे क्रमांक ११ नॉर्थ बे ओलांडतो आणि मग तासन् तास जंगलातूनच जातो. देवदाराच्या जातीची काळपट झाडं, मध्येच एखादं तळं, मध्येच उघडा कातळ. सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर कापल्यावर मात्र कातळ अचानक मागे पडतो. जमीन सपाट होते, झाडी दूर हटते, गवताची कुरणं आणि ओटची शेतं दिसू लागतात. इथे ब्लॅक रिव्हर नावाच्या नदीकाठी मॅथेसन हे छोटं गाव आहे, आणि त्याच्याभोवती पसरलेली टाउनशिप म्हणजे ब्लॅक रिव्हर-मॅथेसन. क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीहून मोठं. वस्ती जेमतेम अडीच हजार. मुंबईतल्या दोन-चार टॉवरमध्ये सगळी मावेल.

‘उत्तर ओंटॅरिओ’ म्हटलं की ध्रुवाजवळचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात मॅथेसन साधारण साडेअठ्ठेचाळीस अंश अक्षांशावर आहे आणि पॅरिस त्याच्याही थोडं उत्तरेला. पण युरोपाला अटलांटिकच्या उबदार वाऱ्यांचा आधार आहे, इथे तसं काही नाही. उत्तरेला बर्फाळ हडसन उपसागर आणि तिथून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला वाटेत एकही डोंगर नाही. मॅथेसनशेजारच्या इरक्वॉय फॉल्समध्ये २३ जानेवारी १९३५ रोजी उणे ५८.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. पूर्व कॅनडातला हा विक्रम अजून मोडलेला नाही.

अशा ठिकाणी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो माणसं शेती करायला का आली, याचं उत्तर जमिनीत आहे. ती निम्म्यावरच का परतली, याचंही.

हा सगळा प्रदेश कॅनडियन शील्ड नावाच्या अतिप्राचीन खडकावर वसलेला आहे. मॅथेसनच्या पूर्वेला मन्रो टाउनशिपमध्ये पाइक हिल म्हणून एक ठेंगणा उघडा कातळ आहे. तो पाहायला जगभरचे भूवैज्ञानिक येतात. तिथल्या खडकात लांबलचक पात्यांसारखे स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतात, वाळलेलं गवत दगडात दाबून ठेवल्यासारखे. हा कोमॅटिआइट. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेला, सोळाशे अंशांच्या घरातला लाव्हा थंड होऊन तो बनला. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याचा लाव्हा त्या मानाने बराच निवलेला. एवढा तापलेला लाव्हा आजच्या पृथ्वीवर कुठेच बाहेर पडत नाही. याच जुन्या खडकांच्या पट्ट्यात सोनंही आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

शेतीला मात्र हा कातळ कुचकामी. शेती शक्य झाली ती त्यावर नंतर साचलेल्या गाळामुळे. शेवटच्या हिमयुगातली प्रचंड हिमचादर उत्तरेकडे मागे हटू लागली तेव्हा वितळलेल्या पाण्याला वाट मिळेना. दक्षिणेला उंचवटा, उत्तरेला बर्फाची भिंत. मध्ये पाणी तुंबलं आणि एक अवाढव्य सरोवर तयार झालं. भूवैज्ञानिक त्याला बार्लो-ओजिब्वे सरोवर म्हणतात. सुमारे सव्वाआठ ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी बर्फाची ती भिंत फुटली आणि सरोवर हडसन उपसागराच्या दिशेने रिकामं झालं. त्याच सुमारास उत्तर अटलांटिकच्या परिसरात हवामान एकाएकी थंडावल्याच्या खुणा सापडतात, आणि बरेच अभ्यासक या दोन घटनांचा संबंध लावतात.

सरोवर गेलं, तळाचा गाळ राहिला. या भागातल्या नद्यांच्या ढासळलेल्या काठांवर तो आजही उघडा दिसतो. फिकट पट्टी, गडद पट्टी, पुन्हा फिकट, पुन्हा गडद. काही ठिकाणी एकेक जोडी बोटाच्या पेरापेक्षाही पातळ. उन्हाळ्यात वितळत्या बर्फाबरोबर आलेला जाडसर गाळ फिकट पट्टीत बसला. हिवाळ्यात सरोवर गोठलं की पाणी स्थिर व्हायचं आणि तरंगत राहिलेली बारीक चिकणमाती सावकाश खाली बसायची, ती गडद पट्टी. दोन पट्ट्या मिळून एक वर्ष. अर्न्स्ट अँटेव्ह्स या स्वीडिश भूवैज्ञानिकाने १९२०च्या दशकात दक्षिणेकडच्या टेमिस्कॅमिंग भागात असे थर एकेक करून मोजले, ठिकठिकाणच्या मोजण्या एकमेकींशी जुळवल्या आणि बर्फ दर वर्षी किती मागे हटला याचा हिशेब मांडला.

या गाळाच्या प्रदेशाला क्ले बेल्ट, म्हणजे चिकणमातीचा पट्टा म्हणतात. तो सलग मात्र नाही. मधूनच कातळ डोकं वर काढतो, मधूनच वाळू-रेतीचे लांब, अरुंद बांध लागतात. हिमनदीच्या पोटातून वाहणाऱ्या प्रवाहांनी ते रचले; त्यांना एस्कर म्हणतात. मॅथेसनजवळचा मन्रो एस्कर हा त्यातला एक मोठा. जवळच्या केटल लेक्स उद्यानातली गोलसर तळी म्हणजे वाळूत गाडले गेलेले बर्फाचे खंड वितळून पडलेले खड्डे आहेत.

पाण्याची दिशाही ध्यानात घ्यायला हवी. मॅथेसनच्या दक्षिणेला, किर्कलंड लेक या गावाच्या जवळपास एक जलविभाजक आहे. त्याच्या अलीकडचं पाणी ओटावा नदीतून सेंट लॉरेन्सला मिळतं, पलीकडचं उत्तरेला जातं. ब्लॅक रिव्हर अबिटिबी नदीला, अबिटिबी मूस नदीला आणि मूस हडसन उपसागराला जोडलेल्या जेम्स उपसागराला. रेल्वे नव्हती तेव्हा या नद्या हाच रस्ता होता. इथले मूळ रहिवासी क्री आणि अनिशिनाबे लोक होड्यांतून याच मार्गाने शिकारीच्या, मासेमारीच्या आणि व्यापाराच्या जागा गाठत. १६८६मध्ये शेवालिए द त्र्वा आणि पिएर ल म्वान दिबरव्हिल यांची फ्रेंच तुकडी माँट्रियलहून निघाली आणि ओटावा, टेमिस्कॅमिंग, अबिटिबी असा पाणमार्ग धरून थेट जेम्स उपसागरावर उतरली. तिथली हडसन्स बे या फर-व्यापारी कंपनीची इंग्रज ठाणी समुद्राकडे तोंड करून बसलेली होती. फ्रेंच मागच्या दाराने आले.

त्यानंतर दोनशे वर्षं बाहेरच्यांना या भागात रस होता तो फरमध्ये, जमिनीत नाही. चित्र पालटलं ते १९०० साली. ओंटॅरिओ सरकारने उत्तरेच्या पाहणीसाठी दहा तुकड्या पाठवल्या. सर्व्हेअर, भूवैज्ञानिक आणि लाकडाचा अंदाज घेणारे लोक होड्यांतून फिरले आणि दीड कोटी एकरांहून अधिक शेतीयोग्य चिकणमाती उत्तरेत पडून असल्याचा अहवाल घेऊन परतले. दक्षिण ओंटॅरिओतल्या शेतकऱ्यांची मुलं तेव्हा स्वस्त जमिनीच्या शोधात पश्चिमेच्या प्रेअरी नावाच्या गवताळ मैदानांकडे चालली होती. प्रांतातली माणसं प्रांतातच राहावीत, ही सरकारची इच्छा. अहवाल अगदी वेळेवर आला.

अहवालात माती होती. पाण्याचा निचरा आणि उन्हाळ्यातलं गोठलेलं दहिवर यांना मात्र फारसं वजन मिळालं नाही. जंगल साफ होत गेलं की ऊन जमिनीपर्यंत पोचेल आणि ऐन उन्हाळ्यात पिकं मारणारं दहिवर आपोआप मागे हटेल, असं त्या काळी छातीठोकपणे सांगितलं जाई. दहिवराला ते कोणी कळवलेलं नसावं.

मग आखणी सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एकेक चौकोन म्हणजे एक टाउनशिप. त्यात मैल-मैल रुंदीच्या सहा आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत बारा लॉट, प्रत्येक लॉट ३२० एकरांचा. अर्धा लॉट, म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाला. रेषा सरळ गेल्या. वाटेत दलदल आली तरी सरळ, नदीने वळण घेतलं तरी सरळ. नद्यांच्या काठी जमीन जरा उतरती असते, पाणी वाहून जातं, म्हणून शेतीला बरी. दोन नद्यांमधला सपाट भाग म्हणजे ओलं, शेवाळलेलं रान. कागदावर दोन्हींचे लॉट सारख्याच मापाचे. कोणाच्या वाट्याला काय आलं, हे बहुतेकांना जागेवर पोचल्यावर कळलं.

जमीन नव्या लोकांना द्यायची तर आधी तिथे राहणाऱ्यांशी कायद्याचा व्यवहार उरकायला हवा होता. १९०५ आणि १९०६ साली करार क्रमांक ९ झाला. डंकन कॅम्पबेल स्कॉट, सॅम्युएल स्टुअर्ट आणि डॅनियल जॉर्ज मॅकमार्टिन हे तीन आयुक्त होडीने गावोगाव फिरले. अबिटिबी ठाण्यावर ते जून १९०६मध्ये पोचले. सहीच्या वेळी माणशी आठ डॉलर, पुढे दर वर्षी चार डॉलर, आणि पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल या हिशेबाने राखीव जमीन. कागदावर ‘जमिनीचा त्याग’ लिहिलेला होता. मॅकमार्टिनची डायरी बऱ्याच वर्षांनी अभ्यासकांच्या हाती आली. लोकांना तोंडी सांगितलं गेलं ते वेगळं होतं, पूर्वीसारखी शिकार आणि मासेमारी करता येईल असं आश्वासन दिलं होतं, हे तिच्यावरून दिसतं. या भागातली मंडळी आजच्या वागोशिग फर्स्ट नेशन या मूळनिवासी समुदायात आहेत. मॅथेसनच्या पूर्वेला, अबिटिबी सरोवराजवळ त्यांची राखीव जमीन आहे.

रेल्वे आली ती प्रांताच्या खर्चाने. टेमिस्कॅमिंग अँड नॉर्दर्न ओंटॅरिओ रेल्वेचं काम १९०२मध्ये नॉर्थ बेहून सुरू झालं. वसाहतवाल्यांना शेतापर्यंत नेणं हा तिचा उद्देश. पण १९०३मध्ये रूळ टाकता टाकता कोबाल्ट इथे चांदी सापडली, आणि शेतीसाठी काढलेली रेल्वे खाणींच्या कमाईवर चालू लागली. रूळ पुढे सरकत राहिले. रेल्वे ब्लॅक रिव्हर ओलांडते तिथे मॅकडुगल्स शूट नावाची वस्ती उभी राहिली, नाव तिथल्या धबधबेवजा उतारावरून. पुढे प्रांताचे खजिनदार आर्थर जेम्स मॅथेसन यांचं नाव गावाला मिळालं. १९०८मध्ये रूळ कॉक्रेनला पोचले. ते गावही जमीन, जंगल आणि खाण खात्याचे मंत्री फ्रँक कॉक्रेन यांच्या नावाचं. शेजारचं मॉन्टीथ कृषिमंत्र्यांच्या नावाचं. तिथे सरकारने नमुना शेत उघडलं, इथेही पीक येतं हे लोकांना दाखवायला. मंत्रिमंडळाची यादी पाठ करायची असेल तर या मार्गावरची स्टेशनं वाचावीत.

जमिनीचा भाव एकरी पन्नास सेंट. चौथा हिस्सा रोख, बाकीचा तीन वार्षिक हप्त्यांत, व्याजासह. अटी अशा : किमान सोळा फूट बाय वीस फुटांचं घर बांधायचं, ठरलेल्या मुदतीत दहा टक्के जमीन मोकळी करून पेरायची आणि स्वतः तिथे राहायचं. १६० एकरांची किंमत ऐंशी डॉलर. स्वस्तच म्हणायची.

खर्च होता तो मेहनतीचा. पहिल्या वर्षी माणूस एकटा येई. ओंडके रचून एक खोली उभारायची, ओंडक्यांमधल्या फटीत शेवाळ कोंबायचं. मग कुऱ्हाड. झाडं फार जाडजूड नव्हती, पण दाट होती. बुंधे तोडले तरी खोडकं जमिनीत राहत. ती कुजायला काही वर्षं लागत, तोवर त्यांच्या मधून मधून बटाटा आणि ओट पेरायचा. वरचा शेवाळाचा आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा थर स्पंजासारखा पाणी धरून बसलेला. त्याखालची चिकणमाती वसंतात बुटाला किलोकिलोने चिकटे आणि उन्हात विटेसारखी कडक होई. पाणी काढायला चर खणायचे, तेही हाताने. जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास. दहिवर जूनच्या मध्यापर्यंत पडू शके आणि ऑगस्ट संपता संपता परत येई. मधल्या अडीच-तीन महिन्यांत जे पिकेल ते आपलं.

रोख पैसा शेतातून येत नव्हताच. तो आला लाकडातून. १९१२मध्ये फ्रँक अँसन यांनी अबिटिबी पल्प अँड पेपर कंपनी काढली आणि इरक्वॉय फॉल्सला कागदाची गिरणी उभी राहिली. त्यामुळे शेत मोकळं करताना पडलेलं लाकूड विकलं जाऊ लागलं. बरेच जण हिवाळ्यात लाकूडतोड करत, उन्हाळ्यात खाणीत किंवा रेल्वेवर मजुरी करत आणि उरल्या वेळात शेतकरी असत. १९०९मध्ये पश्चिमेला पॉर्क्युपाइनला सोनं सापडलं तेव्हा रूळ तिकडे पोचेपर्यंत प्रॉस्पेक्टर, म्हणजे खनिज शोधत फिरणारे लोक, मॅथेसन आणि शेजारच्या केल्सोच्या बाजूनेच पायवाटेने आत शिरत. तेव्हाही गावात चार पैसे आले.

वसाहतवाल्यांची एक तक्रार रास्त होती. १९०१च्या कायद्याने ओंटॅरिओ सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धातल्या आणि त्याआधीच्या, आयरिश बंडखोरांनी केलेल्या फेनियन हल्ल्यांच्या वेळच्या सैनिकांना १६० एकर जमिनीचा हक्क दिला. बरेच सैनिक इकडे फिरकलेच नाहीत, त्यांनी आपले हक्क दलालांना विकले. अशा जमिनी वर्षानुवर्षं पडीक राहिल्या. एका कुटुंबाचं शेत, मग मैलभर रान, मग दुसरं शेत. मधल्या रस्त्याची डागडुजी कोणी करायची, शाळा कुठे काढायची, चर पुढे कुठे न्यायचा? १९१२मध्ये प्रांताने उत्तरेच्या विकासासाठी पन्नास लाख डॉलर मंजूर केले आणि जे. एफ. व्हिटसन यांच्या देखरेखीखाली रस्त्यांचं काम सुरू झालं. तरी वस्ती विखुरलेलीच राहिली. विखुरलेल्या मोकळ्या जागांच्या मधलं वाळकं जंगल किती धोक्याचं आहे, हे १९१६मध्ये कळलं.

जमीन साफ करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जाळणं. फांद्या-पाल्याचे ढीग लावायचे आणि पेटवायचे. बहुतेक सगळे तेच करत. काही आगी विजेने लागत, काही इंजिनाच्या ठिणग्यांनी. १९११च्या ११ जुलैला पॉर्क्युपाइनमध्ये अशाच आगीने खाणवस्त्या भस्मसात केल्या होत्या, किमान सत्तर माणसं गेली होती. त्यातून फारसं कोणी काही शिकलं नाही. जुलै १९१६मध्ये पाऊस नव्हता, हवा तापलेली, आणि ठिकठिकाणी छोट्या आगी धुमसत होत्या. धूर रोजचाच, म्हणून कोणी दचकलं नाही.

२९ जुलैला जोरदार वारा सुटला. सुट्या सुट्या आगी एकत्र आल्या आणि काही वेळ जाळाची आघाडी चौसष्ट किलोमीटर रुंद होती. मॅथेसन, रेमोर, केल्सो, नुश्का, पॉर्क्विस जंक्शन, इरक्वॉय फॉल्स. रेल्वेमार्गावरची गावं एकामागून एक पेटली. माणसं ब्लॅक रिव्हरमध्ये गळ्यापर्यंत उतरली, डोक्यावर ओली घोंगडी घेऊन. नुश्का ही फ्रेंच भाषकांची वस्ती होती. तिथल्या लोकांनी रेल्वेसाठी मातीत खोदलेल्या खिंडीत आसरा घेतला. वर जळायला काही नाही, म्हणून ती जागा सुरक्षित वाटली असणार. पण आगीने हवाच ओढून घेतली आणि खिंडीत धूर भरला. तिथे मेलेल्यांत गावचे पाद्री विल्फ्रिद गान्ये होते. त्या गावाला पुढे व्हाल गान्ये हे नाव मिळालं, आणि तेच आजही चालतं.

सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल जळालं. मृतांचा अधिकृत आकडा २२३. रानात एकटेदुकटे फिरणारे प्रॉस्पेक्टर, लाकूडतोडे आणि नुकतेच आलेले, कोणत्याच यादीत नसलेले लोक त्यात धरलेले नसावेत. ओंटॅरिओच्या इतिहासात इतकी जीवघेणी वणव्याची घटना दुसरी नाही. पुढच्याच वर्षी, १९१७मध्ये, वणवा प्रतिबंधक कायदा आला आणि उन्हाळ्यात शेत जाळायला परवाना लागू लागला. तरी ४ ऑक्टोबर १९२२ला दक्षिणेकडचं हेलिबरी जळालंच. थंडी तोंडावर आलेली, माणसं उघड्यावर; तेव्हा टोरँटो शहराने आपल्या ८७ जुन्या ट्राम पाठवल्या आणि कित्येक कुटुंबांनी तो हिवाळा ट्रामच्या डब्यात काढला.

आगीने एक काम मात्र केलं. शेवाळाचा थर कित्येक ठिकाणी पार मातीपर्यंत जळाला आणि जमीन मोकळी झाली. काही कुटुंबं सरकारी मदतीवर पुन्हा उभी राहिली. पण सरकारी वसाहतीचा एकूण डाव फसत चालला होता. आणखी पश्चिमेला कापुस्कासिंगला १९१७मध्ये परतलेल्या सैनिकांसाठी वसाहत काढली, तर दोन-तीन वर्षांत बहुतेक जण निघून गेले. मंदीच्या काळात, १९३२नंतर, शहरांतल्या बेरोजगारांना जमिनीवर पाठवण्याची योजना आली. तिचीही तीच गत. १९२७मध्ये नॉर्थ बे ते कॉक्रेन हमरस्ता खुला झाला तेव्हा आता शेतमाल दक्षिणेला जाईल असं बोललं गेलं. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो, हे आकडेमोडीत राहून गेलं. दक्षिणेचा स्वस्त माल वर आला आणि मुलं खाली गेली. मॉन्टीथच्या नमुना शेताचं दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांचं शिबिर झालं, आणि आज तिथे तुरुंग आहे.

टाउनशिप टिकली ती सोनं, लाकूड आणि रेल्वे यांच्या आधाराने. सोन्याच्या खाणी आजही आसपास चालतात. शेती मात्र गेल्या काही वर्षांत परत आली आहे आणि ती सरकारी अहवालामुळे नाही. दक्षिण ओंटॅरिओत जमिनीचे भाव असे चढले आहेत की तिथल्या एका एकराच्या पैशांत इथे अनेक एकर येतात. मेनोनाइट पंथाची शेतकरी कुटुंबं या हिशेबानेच मॅथेसनच्या आसपास येऊन राहिली. यंत्राने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाण्याचा निचरा करता येतो, त्याला प्रांताचं अनुदानही मिळतं. नळ्या टाकल्या की वसंतात आठवडाभर, कधी त्याहूनही आधी शेतात उतरता येतं. अडीच-तीन महिन्यांच्या हंगामात आठवडा म्हणजे पुष्कळ. ओट आणि गवताच्या जोडीला कॅनोला दिसू लागला आहे, लवकर येणाऱ्या वाणांचं सोयाबीनही. हवामान उबदार होतंय, हा हिशेबही कोणी लपवत नाही.

त्यामुळे सरकारी मालकीची जंगलजमीन शेतीसाठी खुली करण्याची मागणी पुन्हा निघाली आहे. आता मात्र आखणी करून मोकळं होता येत नाही. खाणकाम असो की शेती, करार क्रमांक ९च्या लोकांशी आधी बोलावं लागतं. वागोशिगच्या पारंपरिक प्रदेशात एका कंपनीने सल्लामसलत न करता सोन्यासाठी ड्रिलिंग सुरू केलं, तेव्हा वागोशिग फर्स्ट नेशन कोर्टात गेलं. जानेवारी २०१२मध्ये ओंटॅरिओच्या वरिष्ठ न्यायालयाने त्या कामाला १२० दिवसांची स्थगिती दिली आणि तेवढ्या मुदतीत कंपनीने व प्रांताने वागोशिगशी चर्चेला बसावं, असं सांगितलं.